दोन हिसके

१

आमच्या कामाची सकाळ रोज सारखीच सुरू व्हायची. विकास वायर सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचच्या गाडीच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारायचा, दिपा हुंकारला मऊ फडक्यानं पुसत बसायची आणि मी चहा पीत दोघांच्या चुका काढायची. माझं खरं काम नमुना वर आल्यावर सुरू होतं. तोवर तोंडाला काहीतरी उद्योग हवा.

शिरड शहापूरच्या अलीकडे हळदीच्या रानांतून एक कच्चा रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला, तारेच्या कुंपणात, आमची शोधविहीर होती. विहीर म्हटलं की माणसाला पायऱ्या आणि पारवे आठवतात. ही विहीर म्हणजे वीतभर रुंदीचं, आतून लोखंडी पाइप बसवलेलं भोक, आणि खोली हजार मीटरच्या पुढे. वरचा काळा कातळ संपला की खाली जुन्या वाळूचा दगड लागतो. त्यात तेल असू शकेल असं कंपनीतल्या कुणाला तरी वाटलं होतं. ते आहे का, हे खालचा नमुना सांगणार. असलं तर दगडाची बारीक भोकं मोकळी करायला विहिरीत अ‍ॅसिड सोडायचं. विकास त्याला विहिरीला जुलाब देणं म्हणायचा.

मी जान्हवी, रसायनवाली. घर औंढ्याचं, वडील देवळात पूजेला. देवळाच्या आतल्या बाजूला वाढलेल्या मुलीला चमत्कारांचं फारसं कौतुक उरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मला भाबडी समजू नका.

दिपा राठोडचं मात्र मला कौतुक होतं आणि ते मी लपवत नसे. जवळच्याच तांड्यातली मुलगी, शिकून इंजिनिअर झालेली, चार माणसांत आपलं घोडं पुढे दामटायला न लाजणारी. हुंकार तिनं बनवला होता. माणसाच्या उंचीची, मनगटाएवढ्या जाडीची चकचकीत नळी. सहा वर्षं ती त्या नळीमागे होती. लग्नाचं विचारायला आलेल्या पाहुण्यांनाही तिनं म्हणे आधी नळी दाखवली होती.

खोल विहिरीतून नमुना आणायचा तर आत विजेच्या तारा असलेली महागडी केबल लागते. साधी पोलादी वायर स्वस्त पडते, पण ती मुकी. खाली सोडलेल्या नळीचं तोंड उघडलं का, मिटलं का, काहीच कळत नाही. दिपानं त्या मुक्या वायरीला बोलायला लावलं. वरून विंचनं दोन हिसके द्यायचे. हुंकार ते ओळखतो, तोंड उघडतो, खाली जे असेल ते त्याच्या दाबासकट पोटात घेतो, तोंड मिटतो आणि आतला वजनदार ठोकळा उडवून वायरला एक हिसका देतो. विंचच्या पडद्यावर ताणाची रेघ एकदा उसळते. म्हणजे काम झालं, ओढा.

"हे डोक्यात आलं कुठून तुझ्या?" मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

"हे बघ, आलेच," म्हणून तिनं कुंपणाच्या फाटकाकडे बोट केलं. हातात डबा घेऊन भावसिंगकाका येत होते, तिचे वडील. जन्मभर त्यांनी विहिरी खोदल्या होत्या. खाली उतरलेल्या माणसाला वरचं बोलणं ऐकू येत नाही, माती वर ओढणाऱ्या यारीची घरघर आणि दगडाचा घुमारा सगळं गिळून टाकतात. म्हणून बोलायचं दोरानं. वरचा माणूस दोन हिसके देतो: तयार का, ओढू का? खालचा एक देतो: ओढा.

"दोनाला एक द्यायचाच," काका मला समजावून सांगत. "मानूस झोपंत असो न्हाईतर तापात. उत्तर न्हाई दिलं तर वरच्याचा जीव टांगनीला लागतो ना, म्याडम."

दिपानं मग मला तिचा लहानपणीचा खेळ दाखवला. काका जेवून लिंबाखाली आडवे झाले, घोरायला लागले. तिनं त्यांच्या अंगावरची चादर दोनदा ओढली. काकांचे डोळे मिटलेले, घोरणं चालूच. उजव्या हातानं मात्र चादर मुठीत धरून एक हिसका दिला. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो.

२

पहिला नमुना झकास आला. खारं पाणी, त्यात विरघळलेला वायू आणि तेलाची पुसटशी झाक. दाब इतका बरोबर राखलेला की मी काटा बघून दिपाची पाठ थोपटली. परवा कंपनीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर हुंकारनं असाच एक नमुना आणला की तो कंपनीच्या सगळ्या विहिरींवर जाणार होता. हुंकार एकुलता एक होता. दुसरा बनवायला दिपाकडे ना पैसा ना वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खाली सोडला. सातशे मीटर झाले होते, तळ यायला अजून बरंच अंतर होतं. विकासनं विडी पेटवायची म्हणून विंच थांबवली, तेवढ्यात दिपा म्हणाली, "काहून दिले हिसके? तळ कुठं आलाय?"

"मी न्हाई दिले, म्याडम."

पडद्यावर ताणाची रेघ दोनदा उसळलेली दिसत होती. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती तिसऱ्यांदा उसळली, एकदाच. हा हिसका आम्ही ओळखत होतो. हुंकारनं उत्तर दिलं होतं.

"विंच हलली असेल," मी म्हटलं.

दिपानं विंचची नोंद दाखवली. वायर गुंडाळलेला ड्रम जागचा हलला नव्हता. हुंकार स्वतः दोन हिसके देऊच शकत नाही. एकदा ठोकळा उडाला की वर आणून चावी दिल्याशिवाय दुसऱ्यांदा उडत नाही. म्हणजे ते दोन हिसके वायरच्या खालच्या टोकाकडून आले होते, आणि हुंकार बिचारा आज्ञाधारक, कुणी विचारलं हे न बघता कामाला लागला होता.

मी कारणं मोजायला लागले. वायर पाइपाला घासून अडकली आणि सुटली असेल. वायूचा बुडबुडा वर आला असेल. जमीन हलली असेल, या भागात मधूनमधून गुरगुरतेच. दिपा प्रत्येक कारणाला मान डोलवत होती आणि तिची नजर पडद्यावरून हटत नव्हती.

कारण रेघ शांत झाली नव्हती. ती सावकाश वर चढत होती. वायरवरचा ताण वाढत होता, थोडा थोडा, दमादमानं. कुणी दोर हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा तसा. मग एकदम सगळं पूर्ववत झालं.

"ओढ वर," दिपा विकासला म्हणाली.

३

त्या नमुन्यानं माझी झोप उडवली, असं म्हणायला हरकत नाही. माझी प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची खोली, एक पंखा, दोन टेबलं. हुंकारचं पोट जोडून मी व्हॉल्व्ह उघडला. सातशे मीटर पाण्याखाली मिटलेलं तोंड, आत जबरदस्त दाब हवा होता. काटा जागचा हलला नाही. आत पाणी नव्हतं, तेल नव्हतं. आत हवा होती. तुम्ही-आम्ही घेतो ती, साधी हवा.

नाक जवळ नेलं तर हळदीचा वास आला. शिजवलेल्या हळदीचा, ओलसर, मातकट. आता या दिवसांत आमच्याकडे कुठंही नाक न्या, हाच वास येतो. चहूबाजूंनी रानांत हळद शिजवायच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. मी सरळ निकाल देऊन टाकला.

"तुझं तोंड गळतंय. वर आल्यावर बाहेरची हवा शिरली."

दिपाचा चेहरा लालबुंद झाला. "माझं तोंड गळत न्हाई, ताई." रागावली की तिची शहरी भाषा गळून पडायची. "तुझ्या डोळ्यासमोर दाबून दाखवते."

तिनं दाखवलं. हुंकारच्या पोटात पंपानं दाब भरला, तोंड मिटलं आणि आम्ही जेवून आलो. काटा होता तिथंच होता. उलट बाहेरून दाब दिला तरी आत काही शिरेना. इतकी सुंदर वस्तू मी याआधी हातात धरली नव्हती. एखाद्या यंत्राच्या प्रामाणिकपणाचा राग यावा, असं पहिल्यांदाच झालं.

"मग हवा कुठून आली?" मी विचारलं.

"जिथून घेतली तिथून," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चावी द्यायला लागली.

दुपारी आम्ही हुंकारच्या जागी नुसता लोखंडी दांडा बांधून खाली सोडला. त्यात ना चावी, ना ठोकळा. विकासनं गाडी बंद केली, म्हणजे थरथरही नको. रान शांत होतं, लांब कुठंतरी हळदीच्या भट्टीत लाकूड फुटत होतं. मी विहिरीच्या तोंडावरच्या पाइपाला कान लावला. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, कान भाजला, पण मी तो काढला नाही.

आत, फार खोल, कप्पी करकरत होती. लाकडी कप्पी, तेल न घातलेली. करर, आणि थांबली. करर, आणि थांबली.

"दोन," विकास पडद्यापाशी म्हणाला.

नुसत्या दांड्याला उत्तर कुठून सुचणार. आम्ही तो वर काढला. विकासनं मला विचारलं, कान लावून काय ऐकलं. मी म्हटलं, पाइपात पाणी असतं, कसलेही आवाज येतात.

४

हुंकारच्या टोकाला खाली बघणारा एक बारीक कॅमेरा आहे. गाळानं तोंड बुजलं तर कळावं म्हणून. चित्र वर आल्यावर बघायचं, तशी साधी सोय. सकाळच्या फेरीतलं चित्र आम्ही संध्याकाळपर्यंत बघितलंच नव्हतं, नमुन्याच्या भांडणात राहून गेलं होतं. ऊन अजून पत्र्यावर होतं तेव्हा आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो.

आधी नुसतं गढूळ पाणी, हुंकारच्या दिव्यात पिवळसर दिसणारं. पाइपाची भिंत सरकत होती. मग खूप खाली एक ठिपका दिसला. तो वाढत वाढत गोल झाला. पांढरा, लख्ख गोल.

"दिव्याचं प्रतिबिंब," मी म्हटलं. "खाली वायू साठलाय, त्याच्या पृष्ठभागावर आपलाच दिवा दिसतोय. हवा मिळाली तीही त्यामुळेच असेल. बघ, सगळं जुळलं."

दिपानं चित्र थांबवलं. "दिवा सहाशे मीटरवर आपोआप बंद होतो, तळाजवळच पुन्हा लागतो, ताई. बॅटरी वाचावी म्हणून मीच तसं केलंय. हे सहाशेच्या पुढचं आहे."

खरंच. पाइपाच्या भिंती काळ्या झाल्या होत्या. उजेड होता तो फक्त त्या गोलाचा.

मागे डब्याचा खडखडाट झाला. काका रिकामा डबा न्यायला आले होते. त्यांनी खांद्यावरून वाकून बघितलं आणि खूश झाले.

"ह्ये तर विहिरीचं तोंड हाय. खालून असंच दिसतंय. रुपयाएवढं."

"काका, हा कॅमेरा खाली बघतो," मी म्हटलं.

"खाली काहून? वर दिसून राहिलं ना आभाळ." त्यांना माझी कीव आली असावी. "म्या जल्मभर हेच बघितलंय, म्याडम. आन् आता बघा, वरचा मानूस वाकन. वाकला की अंधार पडतो."

दिपानं चित्र चालू केलं. मला वाटतं तिचा हात आपोआप गेला.

गोलाच्या एका कडेवर काहीतरी आलं. काठावरून पुढे सरकलं आणि गोल अर्धा झाकला गेला. आकार सांगता येत नाही. मला फक्त एवढं कळलं की ते वाकलं होतं, आणि वाकून आमच्याकडे बघत होतं. मग चित्र दोनदा हललं.

"बघा," काका समाधानानं म्हणाले, "इचारलं त्यानं."

दिपानं लॅपटॉप मिटला. काका डबा घेऊन गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मी दोन हिसक्यांचा अर्थ उलटा लावत होते. मला वाटत होतं खाली कुणीतरी अडकलंय आणि वर यायचं म्हणतंय."

"मग?"

"खालचा माणूस दोन देत नाही, ताई. दोन वरचा देतो. खालच्याला विचारतो, ओढू का." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आणि माझ्या हुंकारनं सांगितलंय, ओढा."

मी तिला म्हटलं की तू दमली आहेस. खरं तर मला बाहेर जाऊन पायाखालची जमीन बघायची होती.

५

शहाणी माणसं दुसऱ्या दिवशी सामान बांधून निघाली असती. पण साहेब दुपारी यायचे होते. अ‍ॅसिडचे टँकर कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर येऊन थांबले होते, ड्रायव्हर सारखे फोन करत होते. आणि सहा वर्षं एका नळीमागे घालवलेली मुलगी एका पांढऱ्या ठिपक्यासाठी ती नळी पेटीत ठेवत नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

तिनं उपाय काढला होता. हुंकारच्या आतला ठोकळा तिनं खीळ घालून जखडून टाकला. तोंड आता घड्याळावर उघडणार आणि मिटणार. हिसक्याशी त्याचा काही संबंध नाही. "कुणी कितीही विचारू दे," ती म्हणाली, "हा बोलणारच नाही. साहेबांपुढं सोडण्याआधी एकदा बघून घेऊ."

सातशे मीटर गेले. दोन हिसके आले. हुंकार गप्प राहिला.

आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. पुन्हा दोन आले, जरा जोरानं. रेघ बघायची गरजच नव्हती, कप्पीवरची वायर टणत्कारली ती कानांनीच ऐकली. मग थोडी उसंत. मला काकांचं बोलणं आठवलं, वरच्याचा जीव टांगणीला लागतो. वाट बघणाऱ्याची काळजी वायरीतून वर येत होती. वाईट हेतू असता तर इतकं भ्यायले नसते. ती माया होती, आणि ती आमच्यासाठी होती.

तिसऱ्यांदा दोन आले. या वेळी गाडीचे स्प्रिंग कुरकुरले.

"वर घे, विकास," दिपा म्हणाली. "सावकाश."

आणि तेवढ्यात मी विहिरीच्या तोंडाकडे पाहिलं. काका तिथं उभे होते. आज साहेब येणार म्हणून धुतलेला सदरा, लाल पटका. लेकीचं यंत्र जवळून बघायला कुंपणातून आत आले होते, आम्हा तिघांची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांचा उजवा हात वायरीवर होता. नुसता टेकवलेला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"काका, हात काढा!" मी ओरडले.

चौथ्यांदा दोन हिसके आले. काकांनी मूठ आवळली आणि एक दिला.

त्यांनी ठरवून दिला नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते. तिथं काहीच नव्हतं, लिंबाखालच्या झोपेत होतं तेवढंच.

वायर खाली गेली. एक हात, आणि थांबली. एक हात, आणि थांबली. विंचचा ब्रेक लागलेला होता, ड्रम किंचाळत फिरत होता. मग ड्रमही अडकला आणि गाडीच सरकली. चाकांखालचे ठोकळे फुटले. एक ओढ, एक विसावा. दोर ओढणारा माणूस हात बदलताना थांबतो, तेवढाच तो विसावा.

वायर जिथून पाइपात शिरते ते भोक करंगळीएवढं. काकांची मूठ त्या भोकाकडे निघाली होती.

"बाबा, सोडा!" दिपा धावली. "सोडा हात!"

"दोर कसा सोडू?" काका चकित होऊन म्हणाले. "त्यो ओढून राहिला ना मला."

मी आणि विकासनं त्यांना कमरेला धरून मागं खेचलं. आम्ही दोघं जोर लावत होतो आणि आमचे पाय मातीत रेघा काढत पुढे जात होते. मूठ आणि पाइप यांच्यात वीतभर अंतर उरलं.

विहिरीच्या तोंडाखाली मोठा व्हॉल्व्ह असतो, त्याचं चाक गाडीच्या स्टिअरिंगएवढं. तो मिटवला तर मधली वायर कापली जाते. वायर कापली की खालचं गेलं, कायमचं. दिपा त्या चाकाशी पोचली होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती क्षणभर वायरीकडे बघत होती. तिला वायर दिसत नव्हती हे मला कळलं. तिला तिची नळी दिसत होती.

तिनं चाक फिरवायला सुरुवात केली. अंगातला सगळा जोर लावून, रडत, शिव्या देत, वडिलांना हाका मारत. असं चाक फिरवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. चाक जड होत गेलं, अडलं, आणि ती त्यावर छाती टेकून लोंबकळली.

खट् आवाज झाला. वायर सुटून उसळली. आम्ही तिघं पाठीवर पडलो, काकांच्या मुठीत वायरीचं कापलेलं टोक तसंच.

ऊन होतं, हळदीचा वास होता. मग मिटलेल्या व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूनं लोखंडावर आवाज आला. ठक, ठक.

काकांचा हात उचलला गेला. दिपानं तो दोन्ही हातांत धरला आणि छातीशी घट्ट आवळला.

६

साहेब आले तेव्हा दाखवायला हुंकार नव्हता. टँकर नाक्यावरूनच परत गेले. वायर तुटली, यंत्र गमावलं, विहीर असुरक्षित, असं दिपानं सांगितलं आणि सगळा दोष शांतपणे अंगावर घेतला. तिनं एकच हट्ट धरला, विहीर आजच्या आज सिमेंटनं बुजवा. ती बुजवली जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

पण ती दिपा आहे. दोन वर्षांत तिनं दुसरा हुंकार उभा केला, आणि तो पहिल्यापेक्षा सरस आहे. आता चार राज्यांत तो विहिरींत उतरतो. मध्ये तिचा मोठा सत्कार झाला, मी पहिल्या रांगेत बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. नव्या हुंकारला उत्तर द्यायची सोय नाही. एका तरुण इंजिनिअरनं तिथं विचारलंच, इतकी सुंदर कल्पना का काढून टाकली? ती म्हणाली, गरज नव्हती.

गेल्या महिन्यात मी तांड्यावर गेले होते. काका थकलेत, पण बोलणं पूर्वीसारखंच, बढाया पूर्वीसारख्याच. जेवण झालं, ते खाटेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. दिपा आणि मी उंबऱ्याशी बोलत बसलो.

बोलता बोलता माझं लक्ष गेलं. काकांच्या उजव्या हातानं चादर मुठीत धरली आणि एक हिसका दिला.

खाटेजवळ कुणी नव्हतं. चादर कुणी ओढली नव्हती.

"रोज?" मी विचारलं.

"दुपारचं," दिपा म्हणाली.

तेव्हा मला सारवलेल्या जमिनीवरच्या रेघा दिसल्या. खाटेच्या चारही पायांपासून निघालेल्या, एकमेकींना समांतर. विहीर ज्या बाजूला होती, त्या दिशेच्या. मी बघत असताना खाट दोन बोटं पुढे सरकली, आणि थांबली.

खाटेच्या डोक्याकडच्या दांडीला पोलादी वायर बांधलेली होती. ती मागच्या भिंतीत गाडलेल्या लोखंडी कडीपर्यंत गेलेली, आणि मध्ये एक ताणकाटा, घड्याळाएवढ्या तबकडीचा. दिपाच्या हातचं काम ओळखू येतंच, एक धागा वाकडा नाही. वायर ताठ झाली, काटा चढला आणि थरथरत राहिला. खाट पुढे गेली नाही.

"किती दिवस धरेल?" मी विचारलं.

"ही पाचवी वायर," ती म्हणाली. "आधीच्या चार तुटल्या. दर वेळी मी जाड घालते." ती उठली, ताणकाट्याजवळ उकिडवी बसली आणि कपाळावरचे केस मागे सारून आकडा बघू लागली. अगदी पूर्वीसारखी. नवीन यंत्र पहिल्यांदा चालवताना तिचे डोळे असेच व्हायचे. "त्या ओढणाऱ्याला वाटतं, बाबा खाली अडकलेत. त्याचंही बरोबर आहे, बाबांनीच सांगितलं ओढा म्हणून. पण माणूस माझा आहे."

काका झोपेत काहीतरी पुटपुटले, समाधानानं. काटा हळूहळू उतरला. दिपानं खाटेची मागची बाजू धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, त्या अंगानं धर ना. जागेवर घेऊ."

मी धरली. खाट जड होती, एका म्हाताऱ्या माणसाच्या मानानं फारच जड.